फायरफॉक्सची नवी आवृत्ती पारखताना

नव्या ब्राउझरबद्दलचं मत बहुधा पहिल्या अर्ध्या तासात ठरून जातं. तो झटकन उघडला, टॅब पटापट पालटले, की ‘हलका आहे’ असा शेरा बसतो. बँकेचं पान अडखळलं, की ‘आपल्या कामाचा नाही’ म्हणून त्याच दिवशी त्याची बोळवण होते. दोन्ही शेरे प्रामाणिक असतात, पण ते कशावर मारले याची खात्री शेरा मारणाऱ्यालाही नसते. कारण त्या अर्ध्या तासात तीन-चार गोष्टी एकदम बदललेल्या असतात. पान रंगवणारं इंजिन बदललेलं असतं, आवृत्ती बदललेली असते, वर्षानुवर्षं साठलेला पसारा मागे राहिलेला असतो आणि गोपनीयतेची सेटिंग्जही वेगळी असतात. यातल्या कशामुळे काय झालं हे वेगळं काढता आलं नाही, तर ती चाचणी नव्हे, नुसती चव घेणं झालं. फायरफॉक्सची नवी आवृत्ती आली की ती जरूर वापरून बघावी, पण एका वेळी एकच गोष्ट बदलेल आणि मागे फिरता येईल अशा बेताने.

पर्यायी ब्राउझर म्हणून इथे फायरफॉक्सच का, हे आधी सांगायला हवं. ब्राउझरांची नावं भरपूर असली तरी इंजिनं मोजकीच उरली आहेत. ऑपेराने 2013 मध्ये स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडून क्रोमच्या पायाची, म्हणजे क्रोमियमची वाट धरली, मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्ये एज त्याच पायावर नव्याने आणला, आणि ब्रेव्ह, विवाल्डी हेही त्याच घराण्यातले. त्यामुळे क्रोम सोडून यांपैकी एखादा घेतला तर मेनू, टॅबची मांडणी, जाहिराती अडवण्याची सोय हे सगळं बदलतं, पण पान ज्यावर चालतं तो गाभा तोच राहतो. ॲपलच्या सफारीमागे वेबकिट आहे आणि सफारी ॲपलच्या यंत्रांपुरताच आहे. विंडोज किंवा लिनक्सवर खरोखर वेगळं इंजिन हवं असेल तर व्यवहारात गेको, म्हणजे फायरफॉक्स, हाच पर्याय हाताशी राहतो. लेडीबर्ड आणि सर्वो ही दोन इंजिनं घडताहेत, पण आयकर विवरण भरायला ती घ्यावीत अशी वेळ अजून आलेली नाही. ज्याला फक्त वेगळी मांडणी हवी आहे त्याने विवाल्डी खुशाल घ्यावा. त्यात कमीपणा नाही आणि त्याची चाचणीही सोपी, कारण पानं बहुतांशी क्रोमसारखीच दिसतात. अवघड आणि म्हणून नीट करण्यासारखी चाचणी फायरफॉक्सची आहे.

सर्वात फसवी गोष्ट म्हणजे वेग. नुकताच बसवलेला ब्राउझर रिकामा असतो. त्यात एक्स्टेन्शन नाही, हजारो पानांचा इतिहास नाही, सकाळी आपोआप उघडणारे चाळीस टॅब नाहीत. सामान लागण्यापूर्वी भाड्याची खोली ऐसपैस वाटते, तसाच हा प्रकार. म्हणून तुलना करायचीच असेल तर दोन्ही बाजूंना रिकामी प्रोफाइल घ्यावी. क्रोममध्येही नवी प्रोफाइल दोन क्लिकांत होते. तिच्यात आणि कोऱ्या फायरफॉक्समध्ये तीच पानं उघडून बघावीत. अनेकदा असं दिसतं की मंद होता तो क्रोम नव्हता, त्यात साठलेली डझनभर एक्स्टेन्शन्स होती. आकडा हवा असेल तर स्पीडोमीटर 3 ही चाचणी आहे. मार्च 2024 मध्ये आलेली ही आवृत्ती ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि फायरफॉक्स बनवणारी मोझिला यांनी मिळून बांधली, त्यामुळे ती कुणा एकाच्या सोयीची आहे असं म्हणता येत नाही. पण तिचं उत्तरही जपून वाचावं. ती वेब-ॲप क्लिकला किती चटकन प्रतिसाद देतं हे मोजते. चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर पंधरा टॅब उघडे असताना काय होईल, हे ती सांगत नाही. त्यासाठी फायरफॉक्समध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून प्रक्रियांची यादी उघडावी आणि कोणता टॅब किती मेमरी खातो हे स्वतः पाहावं. क्रोममध्येही हेच बटण चालतं, म्हणजे तुलना सोपी.

आता कोणती ‘नवी आवृत्ती’ घ्यायची? फायरफॉक्सच्या आवृत्त्या साधारण दर चार आठवड्यांनी येतात आणि त्या थरांनी खाली उतरतात. नाइटली ही रोज बदलणारी, कच्ची. तिच्यातून पिकून निघालेलं बीटामध्ये येतं. तिथून सर्वांसाठीच्या मुख्य आवृत्तीत. शिवाय ईएसआर नावाची एक संथ शाखा आहे. तिचा मोठा बदल साधारण वर्षातून एकदा होतो आणि एरवी तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. ज्याला मुख्य आवृत्तीत येणारी गोष्ट महिनाभर आधी बघायची हौस आहे त्याने बीटा घ्यावी; नाइटली फक्त ज्यांना मोडतोडीत रस आहे त्यांनी. नव्याने येणाऱ्या वाचकाला माझा सल्ला मुख्य आवृत्तीचाच आहे. क्रोममधून येणाऱ्यासाठी तीच पुरेशी नवी असते, आणि बीटातला एखादा तात्पुरता दोष पाहून फायरफॉक्सच वाईट ठरवण्याची चूक टळते. बीटा घेतलीच तर इन्स्टॉलरमधला कस्टम पर्याय निवडून तिला वेगळा फोल्डर द्यावा, नाहीतर ती आधीच्या फायरफॉक्सवरच चढू शकते. नाइटली आणि विकासकांसाठीची डेव्हलपर एडिशन स्वतःच्या वेगळ्या जागी बसतात. डाउनलोड मात्र मोझिलाच्या अधिकृत स्थळावरूनच. शोधाच्या निकालात वर दिसणाऱ्या जाहिरातींवर क्लिक करून ब्राउझर उतरवणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती किल्ल्या देणं आहे.

मागे फिरण्याची वाट प्रोफाइलवर अवलंबून असते, आणि इथेच बहुतेकांचं नुकसान होतं. प्रोफाइल म्हणजे तुमचे बुकमार्क, पासवर्ड, कुकी, सेटिंग्ज यांचा संच. प्रोग्रॅम वेगळा आणि हा संच वेगळा. नवी आवृत्ती हा संच आपल्या पद्धतीने बदलून घेते, आणि तो पुन्हा जुन्या आवृत्तीला वाचता येईलच असं नाही. मे 2019 मधल्या 67व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स यावर पहारा ठेवतो. नव्याने वापरलेली प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला गेलात तर तो अडवतो आणि नवी प्रोफाइल करायला सांगतो. लोक याला दोष समजून वैतागतात, पण तो अडवतो म्हणूनच माहिती शाबूत राहते. तेव्हा आधीपासून फायरफॉक्स वापरणाऱ्याने बीटासाठी आपली रोजची प्रोफाइल लावू नये. पत्त्याच्या पट्टीत about:profiles लिहिलं की सर्व प्रोफाइली दिसतात, नवी करता येते आणि रोजच्या प्रोफाइलचा फोल्डर कुठे आहे तेही कळतं; ब्राउझर बंद करून त्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवावी. चाचणीच्या प्रोफाइलमध्ये सिंकचं खातं जोडायचा मोह आवरावा. सिंक म्हणजे राखीव प्रत नव्हे. इकडे बुकमार्कांची आवराआवर केली की ती तुमच्या फोनपर्यंत जाते. बुकमार्क एचटीएमएल फाइलमधून आणावेत. पासवर्ड सीएसव्ही फाइलमधून आणता येतात, पण त्या फाइलमध्ये प्रत्येक पासवर्ड उघडा, जसाच्या तसा लिहिलेला असतो. काम होताच ती पुसावी, रीसायकल बिनमधूनही. चाचणीपुरते तीन-चार पासवर्ड हाताने टाकले तर तेही चालतं, किंबहुना तेच बरं.

इतकं झालं की नव्या आवृत्तीत काय आहे ते पाहायचं. आणि इथे एक चमत्कारिक अडचण येते. एकच आवृत्ती दोन माणसांकडे सारखी असेलच असं नाही. मोझिला अनेक सोयी हळूहळू, थोड्याथोड्या लोकांना खुल्या करते. 2025 च्या मार्चमध्ये 136व्या आवृत्तीत उभे टॅब आले. त्यानंतरच्या 137 मध्ये टॅबचे गट आणि 138 मध्ये प्रोफाइल सांभाळण्याची नवी सोय आली, पण या दोन्ही सर्वांना एकाच दिवशी दिसल्या नाहीत. त्यामुळे कुणाच्या व्हिडिओत दिसणारं बटण आपल्याकडे नाही म्हणून ब्राउझर पुन्हा पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. आवृत्तीचा क्रमांक ‘फायरफॉक्सबद्दल’ या खिडकीत पाहावा, प्रकाशनाच्या टिपणात त्या सोयीपुढे टप्प्याटप्प्याने असं म्हटलंय का ते वाचावं, आणि थांबावं. त्याच टिपणाबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्यांची यादीही निघते. बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. माझ्या मते नवी आवृत्ती घेण्याचं ते सर्वात मोठं कारण आहे, उभे टॅब नव्हेत.

चाचणीचा विषय मात्र या सोयी नसून तुमची स्वतःची कामं असावीत. आठवड्यात ब्राउझरमध्ये काय काय होतं त्याची कागदावर यादी करा. पगारपत्रक उतरवणं, वीजबिल भरणं, मुलांच्या शाळेचं पोर्टल, मीटिंग, सातबारा, जीएसटी. मराठीचं काम त्यात मुद्दाम धरा. ‘कऱ्हाड’, ‘सुऱ्या’ आणि ‘ॲप’ हे शब्द टंकून, छापून आणि पीडीएफ करून बघा. अर्ध्या रची चंद्रकोर तुटते का, ॲच्या जागी चौकोन येतो का, ते पाहा. इथे निदान नीट करायला हवं. देवनागरी जोडाक्षरं जुळवण्याचं काम फायरफॉक्स आणि क्रोम दोघेही हार्फबझ या एकाच लायब्ररीकडून करून घेतात, म्हणून एकीकडे मराठी देखणी आणि दुसरीकडे बोजड दिसत असेल तर दोष बहुधा फाँटच्या निवडीचा असतो. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फाँटच्या प्रगत पर्यायांत देवनागरीसाठी वेगळा फाँट आणि वेगळा आकार ठरवता येतो. ही सोय फारशी कुणाला ठाऊक नसते आणि मराठी वाचणाऱ्याला ती उभ्या टॅबपेक्षा जास्त उपयोगाची आहे. ब्राउझरचे मेनूही मराठीत करता येतात. नव्या सोयींची नावं मात्र स्वयंसेवकांचा अनुवाद होईपर्यंत इंग्रजीत दिसू शकतात; तो पंतून या मोझिलाच्या स्थळावर होतो आणि तिथे कुणालाही सूचना करता येते.

सरकारी कामांत थोडं अधिक सावध राहावं. डिजिटल सही लागते तिथे ब्राउझरला तुमच्या संगणकावरच्या दुसऱ्या एका प्रोग्रॅमशी बोलावं लागतं. ही जोडणी नव्या प्रोफाइलमध्ये जमते का, हे महिन्याच्या मध्यावर तपासावं, विवरणाच्या शेवटच्या संध्याकाळी नव्हे. सही केलेला सातबारा उघडला आणि सहीवर हिरवी खूण दिसली नाही तर तो नव्या ब्राउझरचा दोष समजू नये; ती वैधता तपासायला ॲडोब रीडरसारखा प्रोग्रॅम लागतो, क्रोमच्या पीडीएफ खिडकीतही तेच. आणि पैशाचे मोठे व्यवहार बीटा किंवा नाइटलीत करू नयेत. अर्ध्यावर अडकलेला भरणा सोडवण्यात जी दुपार जाते, तिच्यापुढे कुठल्याही नव्या सोयीचं मोल नाही.

पान मोडलं तर काय करायचं, या प्रश्नावर खरी चाचणी अवलंबून आहे. बहुतेक माणसं इथे क्रोम उघडतात आणि निकाल देऊन मोकळी होतात. त्याऐवजी एकेक गोष्ट बाजूला करत जावं. आधी पत्त्याच्या पट्टीतली ढाल दाबून त्या स्थळापुरतं माग काढण्याविरुद्धचं संरक्षण बंद करावं. फायरफॉक्सने जून 2022 पासून प्रत्येक स्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली, आणि क्रोम अजूनही त्रयस्थांच्या कुकींना मूळ सेटिंगमध्ये मुभा देतो. त्यामुळे दुसऱ्या स्थळावरून आणून बसवलेलं लॉगिन किंवा पैसे भरण्याची चौकट कधीकधी इथे अडखळते. ढाल काढून पान चाललं तर तो इंजिनाचा नव्हे, संरक्षणाचा परिणाम होता, आणि त्या एका स्थळापुरती सूट देऊन प्रश्न मिटतो. नाही चाललं तर शिफ्ट दाबून धरून ब्राउझर उघडावा, म्हणजे तो एक्स्टेन्शनविना सुरू होतो. तरीही नाही, तर कोरी प्रोफाइल. तिच्यातही मोडलं आणि क्रोमच्या कोऱ्या प्रोफाइलमध्ये चाललं, तेव्हाच फरक इंजिनाचा किंवा त्या स्थळाचा म्हणता येतो. स्थळाचा, कारण काही स्थळं पान दाखवण्याआधी ब्राउझरचं नाव आणि क्रमांक विचारतात आणि ओळखीचा नसेल तर दार लावून घेतात. 2022 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोन्ही शंभराव्या आवृत्तीला पोचले, तेव्हा तीन आकडी क्रमांक वाचता न येणारी स्थळं मोडतील या धास्तीने दोघांनीही आधी प्रयोग करून पाहिले होते. आजही about:compat या पानावर एक यादी दिसते: ठरावीक स्थळं फायरफॉक्समध्ये चालावीत म्हणून मोझिलाने स्वतःहून लावलेली ठिगळं. आपल्या अडचणीचं स्थळ त्यात दिसलं तर समजावं की त्रास आपल्या एकट्याचा नाही.

यावर पहिला आक्षेप अर्थातच असा, की क्रोम नीट चालतोय, मग हा उपद्व्याप कशाला? ज्याचं कशातच अडत नाही त्याने तो करू नये हे मान्य. पण अडत नाही हे कायमचं नसतं. 2025 मध्ये क्रोममधून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स पुरती बाद झाली आणि यूब्लॉक ओरिजिनसारखं जाहिराती अडवणारं लोकप्रिय साधन त्यात चालेनासं झालं. तिथे त्याची हलकी आवृत्ती मिळते, पण तिची ताकद कमी. फायरफॉक्समध्ये ते मूळ रूपात चालतं. ज्यांनी दुसरा ब्राउझर आधीच पारखून ठेवला होता त्यांना तेव्हा धावपळ करावी लागली नाही. अर्थात फायरफॉक्सही या बाबतीत सोवळा नाही. नोव्हेंबर 2017 च्या 57व्या आवृत्तीत त्यानेही जुनी एक्स्टेन्शन्स एका फटक्यात बंद केली होती, आणि मे 2019 मध्ये सहीचं एक प्रमाणपत्र मुदत संपून बाद झाल्याने जगभरच्या फायरफॉक्समधली एक्स्टेन्शन्स अचानक निजली. जानेवारी 2022 मध्ये तर कुठली नवी आवृत्ती नसतानाही नेटवर्कच्या कोडमधल्या एका दोषामुळे त्यात अनेकांकडे पानंच उघडेनाशी झाली. म्हणूनच एकच ब्राउझर ठेवून भागत नाही, मग तो कुणाचाही असो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलकडूनच येतं, गूगलचा शोध आधी दाखवण्याच्या कराराचं. मग हा पर्याय कसला? हे अवलंबित्व खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या न्यायालयाने 2024 मध्ये गूगलने शोधाच्या बाजारात बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला, आणि सप्टेंबर 2025 च्या पुढच्या निर्णयात अशा पैशांवर सरसकट बंदी घातली नाही. बंदी आली असती तर मोझिलाचं काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हा उघड विचारला जात होता. फेब्रुवारी 2025 मध्ये मोझिलाने वापराच्या अटी आणल्या तेव्हा त्यातल्या भाषेवर इतकी टीका झाली की काही दिवसांत त्या बदलाव्या लागल्या. माझं म्हणणं इतकंच, की पैसा कुठून येतो यावरून इंजिन कसं आहे ते ठरत नाही. गेकोचा कोड उघडा आहे, निर्णय मोझिलाचे आहेत, आणि यूब्लॉकच्या बाबतीत ते गूगलच्या सोयीचे ठरले नाहीत. विश्वास ठेवायचा तो तपासून. बसवल्यावर सेटिंग्जमधल्या गोपनीयतेच्या भागात माहिती गोळा करण्याचे पर्याय पाहावेत आणि नको ते बंद करावेत. बीटा-नाइटलीत मोझिलाला जास्त माहिती जाते, हेही लक्षात असू द्यावं.

तिसरा आक्षेप जुन्यावर समाधानी असणाऱ्यांचा: आहे ती आवृत्ती बरी, अपडेटच नको. हे मात्र मला मुळीच पटत नाही. 14 मार्च 2025 ला मोझिलाच्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि 128 च्या आधीचा फायरफॉक्स वापरणाऱ्यांना, ईएसआरची 115.13 आणि पुढची आवृत्ती सोडून, आधीच सांगण्यात आलं होतं की एक्स्टेन्शन्स आणि संरक्षित व्हिडिओ बंद पडू शकतात. बदल नको असणाऱ्यांसाठी ईएसआर आहे. जुनी आवृत्ती तशीच धरून बसणं हा पर्याय नाही. विंडोज 7 आणि 8 वर अडकलेल्यांना मात्र 115 ही शेवटची पायरी आहे, आणि तिथे नवा ब्राउझर पारखण्याआधी संगणकाचंच पाहावं लागेल.

फोनबद्दल थोडक्यात. आयफोनवर भारतात कुठलाही ब्राउझर घेतला तरी आत वेबकिटच असतं. ॲपलने मार्च 2024 मध्ये दुसऱ्या इंजिनांना वाव दिला तो युरोपीय संघात, भारतात नाही. म्हणून आयफोनवरून फायरफॉक्सच्या इंजिनाबद्दल मत बनवू नये. अँड्रॉइडवर तो स्वतःच्या इंजिनावर चालतो, डिसेंबर 2023 पासून त्यात एक्स्टेन्शन्सही खुली झाली आहेत, आणि बीटा वेगळं ॲप म्हणून मूळ ॲपशेजारी सुखाने नांदतं. चाचणीला सर्वात कमी धोका तिथेच आहे.

किमान एक पूर्ण महिना द्यावा, कारण वीजबिल, हप्ता आणि जीएसटीचं विवरण ही कामं महिन्यातून एकदाच येतात; आठवडाभराच्या चाचणीत ती येतच नाहीत. महिन्याअखेर यादीतली सगळी कामं नव्या ब्राउझरमध्ये झाली असतील तर तो ठेवा आणि क्रोम एखाद्या हट्टी स्थळापुरता राखा. दोन-तीन कामं अडली असतील आणि ती रोजची असतील, तर परत जा; त्यात हार नाही. फक्त चाचणीची प्रोफाइल पुसण्याआधी मेनूतल्या ‘मोडलेल्या स्थळाची तक्रार’ या पर्यायातून अडलेली पानं कळवा. मराठी आणि सरकारी स्थळांच्या अशा तक्रारी इथल्या वापरणाऱ्यांनीच करायच्या आहेत.